गेममधल्या निवडीची जबाबदारी कोणाची? एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

गेले काही महिने सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर व्हिडिओ गेमविषयीचा एक लांबलचक संदेश फिरतो आहे. जुळे सोलापूरपासून पूर्व भागातल्या शाळांपर्यंत तो पोहोचला आहे आणि मलाही तो विद्यार्थ्यांच्या पालकांकडून, सहकाऱ्यांकडून, नातेवाइकांकडून वारंवार आला आहे. त्याचा मथितार्थ असा आहे. आजच्या गेमने नायक आणि खलनायक यांच्यातला भेद पुसून टाकला आहे, त्यामुळे मुलांना कशातच काही वावगे वाटेनासे होते. गेममधली निवड केवळ दिखाऊ असते, म्हणून तिची जबाबदारी मुलावर नसून ते सारे लिहून ठेवणाऱ्या कंपनीवर असते. चुकले की डाव पुन्हा सुरू करता येतो, म्हणून परिणामांची जाणीव नष्ट होते. आपल्या परंपरेतल्या कथांमध्ये असा संभ्रम कधीच नव्हता. आणि पडद्यावर क्रूरपणे वागणारे मूल उद्या घरात आणि रस्त्यावरही तसेच वागेल. शेवटी, मुलांच्या मोबाइलमधून सर्व गेम काढून टाकावेत, असे आवाहन आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते आणि ज्या खेळांविषयी पुढे लिहिणार आहे, ते मी स्वतः खेळले आहेत. संदेश लिहिणाऱ्याची काळजी खरी आहे, याविषयी मला शंका नाही. मुलांची नीतिबुद्धी कशी घडते, हा प्रश्न कोणत्याही पालकाने गंभीरपणेच घ्यायला हवा. तरीही हे दावे एकमेकांशी जुळत नाहीत, हे आधीच नोंदवते. मूल गेममध्ये खरी निवड करतच नाही, असे एकदा म्हटल्यावर त्याच गेममधल्या त्याच्या वागण्यावरून त्याच्या स्वभावाचे भाकीत करता येत नाही.

पहिला दावा सर्व खेळांना एकाच मापाने मोजतो. मुले मोबाइलवर खेळतात त्यातले बहुसंख्य गोळीबाराचे खेळ, अगदी बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) सुद्धा, कोणताही नैतिक प्रश्न उभा करत नाहीत. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडणाऱ्या मुलासमोर नेमबाजीखेरीज काही नसते, तसेच तिथे असते. अशा खेळांचा वेळखाऊपणा हा चिंतेचा विषय असू शकतो, पण त्यांना नैतिक संभ्रम पसरवणारे म्हणणे हे निदानच चुकीचे आहे. नायक-खलनायक भेद खरोखर धूसर करणारे खेळ संख्येने थोडे आहेत आणि ते नेमके काय करतात, हे पाहिल्याशिवाय त्यांच्यावर आरोप ठेवता येणार नाही.

पोलंडमधल्या 11 बिट स्टुडिओजने 2014 साली काढलेला ‘दिस वॉर ऑफ माइन’ घ्या. सारायेव्होला 1992 ते 1996 या काळात पडलेल्या वेढ्यावरून तो सुचलेला आहे. खेळाडूकडे सैनिक नसतात. युद्धग्रस्त शहरातल्या पडक्या घरात आसरा घेतलेली साधी माणसे असतात आणि त्यांना जगवण्यासाठी रात्री अन्न-औषधांच्या शोधात बाहेर पडावे लागते. एका घरात एक वृद्ध जोडपे राहते. म्हातारा प्रतिकार करू शकत नाही. आपल्या आजारी पत्नीची औषधे नेऊ नका, एवढीच विनवणी तो करत राहतो. औषधे नेली, तर आपल्या घरातला आजारी सोबती वाचू शकतो. ती नेल्याबद्दल गुण कापले जात नाहीत आणि ‘तू वाईट आहेस’ अशी पाटीही झळकत नाही. मात्र आपली माणसे खिन्न होतात, खचतात आणि हे असेच चालू राहिले तर त्यांच्यापैकी कोणी घर सोडून जाते किंवा जीवही देते. या खेळातून काहीच चूक नसते असा निष्कर्ष काढणारा खेळाडू मला अजून भेटलेला नाही. 2020 साली पोलंडच्या सरकारने हा खेळ अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी शालेय पूरक साहित्यात घेण्याचे जाहीर केले, ते याच गुणामुळे.

याउलट, चांगले-वाईट अगदी स्वच्छ वेगळे करून दाखवणारे खेळ विचाराला फारसे खाद्य देत नाहीत, असे माझे मत आहे. बायोवेअरच्या ‘मास इफेक्ट’मध्ये (2007) सौजन्याने वागल्याचे निळे आणि कठोरपणे वागल्याचे लाल गुण मोजले जातात. माझे विद्यार्थी असा खेळ खेळतात, तेव्हा समोरच्या पात्राचे काय होईल हा विचार मागे पडतो आणि कोणत्या उत्तराने गुणांची पट्टी भरेल, एवढेच ते पाहू लागतात. निवाडा खेळानेच करून ठेवलेला असल्यामुळे त्यांनी करण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणजे संदेश ज्याला बिघाड म्हणतो, त्या अनिश्चिततेतच खेळाडूला स्वतःची बुद्धी वापरावी लागते.

दुसरा दावा हा संदेशाचा कणा आहे आणि त्यात अर्धे सत्य असल्यामुळे तो अधिक तपशिलाने तपासला पाहिजे. गेममधले सर्व पर्याय आधी कोणीतरी लिहून ठेवलेले असतात, हे खरेच आहे. परंतु पर्याय दुसऱ्याने मांडले, म्हणून निवड माझी राहत नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तसे असते तर परीक्षेतल्या बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तरही विद्यार्थ्याचे मानता आले नसते. जबाबदारी ठरवताना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: मला काय माहीत होते, मला दुसरे काही करता आले असते का, आणि ते करण्याची किंमत काय होती? या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक खेळात निराळी येतात.

2009 सालच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2’मधला विमानतळाचा भाग जगभर वादग्रस्त ठरला. त्यात निःशस्त्र प्रवाशांवर गोळ्या झाडणाऱ्या दहशतवाद्यांच्या टोळीत खेळाडू गुप्त हेर म्हणून सामील असतो. हा भाग वगळायचा आहे का, असे खेळ आधीच विचारतो. शिवाय तो खेळायचे ठरवले, तरी प्रवाशांवर एकही गोळी न झाडता पुढे जाता येते. ज्याला हे कळले आहे आणि तरीही जो गर्दीवर गोळ्या झाडतो, त्याला ‘कंपनीने करायला लावले’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. जपान आणि जर्मनीतल्या आवृत्त्यांमध्ये प्रवाशांवर गोळी झाडली की तो भाग तिथेच अयशस्वी ठरतो. वरवर ही सुधारणा वाटते, पण तिने गोळी न झाडण्याचे श्रेयही खेळाडूकडून काढून घेतले, हे लक्षात घ्यायला हवे.

‘स्पेक ऑप्स: द लाइन’ (2012) हे याचे दुसरे टोक आहे. त्यात एका टप्प्यावर पांढरा फॉस्फरस या माणसे जाळणाऱ्या रसायनाचा मारा केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि तो केल्यानंतर जळालेल्या निरपराध नागरिकांचे मृतदेह दाखवून, तुला आता नायक झाल्यासारखे वाटते का, अशा आशयाचे प्रश्न खेळ विचारू लागतो. इथे मी संदेशाच्या बाजूने आहे. जिथे दुसरा मार्गच ठेवलेला नाही, तिथे खेळाडूला दोषी धरणे न्याय्य नाही, आणि खेळ बंद करता आला असता, हा त्याच्या समर्थकांचा युक्तिवादही मला पुरेसा वाटत नाही. आपल्या हातून ते घडल्याची हळहळ खेळाडूला वाटते आणि ती मोलाची आहे. परंतु हळहळ वाटणे म्हणजे दोषी असणे नव्हे.

या दोन टोकांच्या मधोमध लुकास पोपचा ‘पेपर्स, प्लीज’ (2013) उभा आहे, आणि या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक खेळ मी त्यालाच मानते. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर खेळाडू पारपत्रे तपासणारा अधिकारी असतो. जितकी माणसे नियमानुसार तपासाल तितका पगार, आणि त्या पगारातून घरभाडे, अन्न आणि थंडीतले इंधन भागवायचे. एके दिवशी एका माणसाची कागदपत्रे बरोबर निघतात. जाताना तो, मागे माझी पत्नी आहे, तिच्याशी दयेने वागा, असे सांगून जातो. पत्नीकडे प्रवेशपरवाना नसतो आणि परत पाठवले तर आपल्याला मारतील, असे ती सांगते. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना केवळ ताकीद मिळते, त्यापुढच्या चुकांना दंड होतो. म्हणजे दया परवडते, पण मोजकीच. आणि ती कोणासाठी राखून ठेवायची, हे खेळाडूने ठरवायचे. नियम राज्याचे आहेत, राज्य लेखकाने रचले आहे, तरी शिक्का माझ्या हातात आहे. 1930 साली लष्करी कायदा अनुभवलेल्या आपल्या शहराला हुकूम देणारा आणि हुकूम बजावणारा या दोघांचीही जबाबदारी वेगवेगळी तपासावी लागते, हे नव्याने सांगायला नको. एकाचा दोष सिद्ध झाला, म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. कंपनी काय लिहिते याचा जाब तिला विचारलाच पाहिजे, आणि त्याच वेळी मुलाला, तू काय निवडलेस आणि का, हेही विचारता आले पाहिजे.

मात्र ‘काय माहीत होते’ या प्रश्नावर आपल्या मुलांची एक वेगळी अडचण आहे आणि ती संदेशात कुठेही नाही. मी उल्लेखलेला यांतला एकही खेळ अधिकृतपणे मराठीत उपलब्ध नाही. पूर्व भागातला, घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारा मुलगा इंग्रजीतला संवाद आणि सूचना न वाचताच बटण दाबून पुढे सरकतो. म्हाताऱ्याची विनवणी त्याला कळलेलीच नसते. अशा मुलाने औषधे उचलली, तर त्याला निर्दय म्हणणे चूक आहे. प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

तिसऱ्या दाव्याला ‘अंडरटेल’ (2015) या खेळाने परस्पर उत्तर दिले आहे. टोबी फॉक्सच्या या खेळात कोणालाही न मारता शेवटापर्यंत जाता येते. सुरुवातीला आपल्याला मायेने सांभाळणाऱ्या टोरिएलला मारले आणि मग पश्चात्ताप होऊन जुना डाव उघडून तिला वाचवले, तरी पुढे फ्लाउई नावाचे बोलणारे फूल, तू आधी काय केलेस ते मला ठाऊक आहे, असे सुनावते. सर्वांना ठार मारणारा मार्ग एकदा पूर्ण केला, तर नंतर सौम्य मार्गाने मिळवलेला शेवटही डागाळलेला मिळतो. सर्वच खेळ असे नसतात, हे मान्य. पण पुन्हा सुरू करण्याच्या सोयीने परिणामांची जाणीव मरतेच, असा सार्वत्रिक नियम एका विरुद्ध उदाहरणानेही खोटा ठरतो. शिवाय एकाच प्रसंगाचे दोन परिणाम शेजारी ठेवून पाहण्याची संधी प्रत्यक्ष आयुष्य देत नाही. ‘द विचर 3’मध्ये (2015) झाडात कोंडलेल्या आत्म्याला मुक्त केले तर अनाथ मुले वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होते, आत्म्याला मारले तर गाव राहते आणि मुले जातात. दोन्ही शेवट पाहिल्यावर माझ्या वर्गात जी चर्चा झाली, ती पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणावर झाली नव्हती.

परंपरेविषयीचा चौथा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो आपल्याच वारशाला तोकडा करतो. ‘नरो वा कुंजरो वा’ हे शब्द मराठी घरात कोणाला ठाऊक नाहीत? युक्ती कृष्णाची, अश्वत्थामा नावाचा हत्ती मारणारा भीम, अर्धसत्य उच्चारणारा युधिष्ठिर आणि शस्त्र टाकलेल्या द्रोणांचा शिरच्छेद करणारा धृष्टद्युम्न. एका कृत्यात इतक्यांचा हात आहे, तरी महाभारत युधिष्ठिराला मोकळे सोडत नाही. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो आणि अखेरीस त्याला नरकाचे दर्शनही घडते. धर्म कोणता हे सहज न कळणे, हाच या ग्रंथाचा विषय आहे. परंपरेत संभ्रम नव्हता असे म्हणणाऱ्याने ती परंपरा पुन्हा एकदा वाचायला हवी.

पाचव्या दाव्याविषयी थोडक्यात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या अँड्र्यू शिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेट्टा वाइनस्टाइन यांच्या अभ्यासात 14-15 वर्षांच्या ब्रिटिश मुलांचे हिंसक खेळ आणि पालकांनी नोंदवलेले त्यांचे आक्रमक वर्तन यांत संबंध आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 साली, ओरडणे किंवा ढकलणे अशा वर्तनाशी लहानसा संबंध दिसतो, पण गंभीर हिंसाचाराशी कार्यकारणभाव जोडण्याइतका पुरावा नाही, अशी भूमिका घेतली. तो लहानसा संबंध मी लपवू इच्छित नाही. मात्र त्यावरून ‘उद्या रस्त्यावरही तसेच वागेल’ इथपर्यंत जाता येत नाही. ‘मास इफेक्ट’च्या निर्मितीत काम केलेल्या एका कलाकाराने 2020 साली सांगितले होते की सुमारे 92 टक्के खेळाडूंनी सौजन्याचाच मार्ग निवडला. हा शास्त्रीय अभ्यास नव्हे, पण मोकळीक मिळाली की मुले क्रौर्याकडेच धावतात, या गृहीतकाच्या विरोधात तो नक्कीच जातो.

राहिला सर्व गेम काढून टाकण्याचा सल्ला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 साली केंद्राच्या कायद्याने बंदी आणली आणि त्या बंदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तिथे मुलाची निवड नव्हे, तर घरातला पैसा आणि व्यसन हा प्रश्न आहे. वर उल्लेखलेले बहुतेक खेळ तर मोठ्यांसाठीच आहेत आणि वयाची अट पाळलीच पाहिजे. परंतु सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या हातून ‘पेपर्स, प्लीज’ काढून घेण्याचे कारण या संदेशात मला सापडले नाही. त्याला त्या पत्नीचे इंग्रजी बोलणे समजले नसेल, तर ते मराठीत किंवा तेलुगूत सांगणारे कोणीतरी घरात त्याच्या शेजारी बसायला हवे.