पुन्हा तुटले वायफाय!

गेल्या तीन आठवड्यांपासून माझ्या संगणकाला लावलेला यूएसबी वायफाय अ‍ॅडाप्टर दिवसातून दहा-बारा वेळा जोडणी सोडतो आहे आणि माझा जीव अगदी मेटाकुटीला आला आहे. काल कार्यालयाची बैठक चालू असताना त्याच्यावरचा निळा दिवा विझला, पडद्यावरचे चेहरे गोठले आणि मी पुन्हा टेबलाखाली वाकून तो काढून लावत बसलो. मदतकक्षाला फोन केला की एकच पालुपद ऐकू येते, राउटर बंद करून चालू करा. अहो, त्याच राउटरवर घरातले दोन्ही मोबाईल दिवसभर सुरळीत चालतात, मग दोष राउटरचा कसा?

शेवटी मीच डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडला, तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा विंडोजला दिलेली आढळली. त्या पर्यायासमोरची खूण काढली, पण ड्रायव्हर (अ‍ॅडाप्टर चालवणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत होताच ती पुन्हा जागच्या जागी! त्यातून शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टला हार्ड डिस्क लावली की तिच्यापासून निघणारा विद्युत गोंगाट नेमका वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिसळतो आणि दुबळा संकेत त्यात बुडून जातो. ही गोष्ट चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीने २०१२ मध्येच लेखी मांडलेली आहे. मग अ‍ॅडाप्टर पोर्टपासून दूर ठेवता येईल अशी हातभर लांबीची एक्स्टेन्शन केबल अ‍ॅडाप्टर बनवणारे खोक्यातच का देत नाहीत, निदान माहितीपत्रकात एक ओळ तरी का छापत नाहीत? ती केबल मी पदरमोड करून आणली. आता जोडणी दिवसातून दोनदाच तुटते, आणि तेही मला मान्य नाही.