लायटनिंग लेनमुळे रांग संपत नाही

मे महिना जवळ आला की ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्डला निघालेल्या नातेवाइकांचे मेसेज सुरू होतात. आजकाल पहिला प्रश्न एकच असतो: लायटनिंग लेनचं बुकिंग कधी करायचं?

जादा पैसे भरून पास घ्यायचा, राइडची वेळ आधीच राखून ठेवायची आणि वेगळ्या, छोट्या रांगेतून आत जायचं, ही पद्धत मला पटत नाही. एका राइडमध्ये तासाला जेवढी माणसं बसायची तेवढीच बसतात. मग पासवाल्याची रांग जेवढी घटते, तेवढी ती बिनपासवाल्याच्या माथी येते. दोन्ही रांगा जिथे मिळतात तिथे जरा थांबून बघा. तिथला कर्मचारी पासवाल्यांचा अख्खा घोळका आत सोडतो, मग साध्या रांगेतले चार-सहा जण, की पुन्हा हात आडवा. त्या हातामागे कडेवर पेंगुळलेलं पोर घेऊन उभे असलेले आईबापही तिकिटाचे पूर्ण पैसे मोजूनच आलेले असतात.

1999 मध्ये याचा पूर्वज, फास्टपास, आला तेव्हा तो फुकट होता. राइडपाशी जायचं, मशीनमध्ये तिकीट घालायचं, परत यायच्या वेळेची चिठ्ठी घ्यायची. जो आधी पोचेल त्याला मिळेल. 2021 पासून याला पैसे पडू लागले. जुलै 2024 पासून लायटनिंग लेनचा मल्टी पास आहे: तीन राइड आधी निवडायच्या, डिस्नीच्या हॉटेलात उतरलेल्यांनी 7 दिवस आधी, बाकीच्यांनी 3 दिवस आधी, फ्लोरिडाच्या सकाळी 7 वाजता. आपली बरीचशी मंडळी बाहेरच्या हॉटेलात उतरतात, आणि तीन दिवस आधी ती नायगाराला बॅगा भरत असतात. स्लिंकी डॉगसारख्या गर्दीच्या राइडच्या चांगल्या वेळा तोवर गेलेल्या असतात.

आणि हे सगळं सांभाळतं कोण? बहुतेक घरांत आईच. दिवसभर तिची नजर फोनवर. समोरून परेड येतेय, नात टाळ्या पिटतेय, आजोबा नुकतेच बाकावर टेकलेत, आणि हिची घाई, "उठा बाबा, आपला स्लॉट जाईल!" सत्तरीतल्या माणसाला त्या उन्हात पार्कच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळवायचं, याला सुट्टी म्हणवत नाही मला.

तरी जाणार असाल तर उघड्यावरच्या राइड सकाळी घ्या. उन्हाळ्यात तिथे दुपारी विजा कडाडतात आणि त्या राइड बंद ठेवतात. दुपारसाठी आतल्या ठेवा. लहान मूल असेल तर रायडर स्विच मागा, ते फुकट आहे: एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसरा उतरला की पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

पार्ककडून मला हवं ते एवढंच: प्रत्येक राइडच्या किमान निम्म्या जागा साध्या रांगेला ठेवा, आणि दाराशी जिथे किती मिनिटं थांबावं लागेल ते लिहिता, त्याच पाटीवर साध्या रांगेला किती जागा ठेवल्यात तो आकडाही लिहा.