हाउसबोटीवर पाऊस लागला तर काय करावे

दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब केरळला जाणाऱ्या, अलेप्पीला हाउसबोट घेणाऱ्या आणि दुपारी पाऊस लागला की घोर अन्याय झाल्यासारखं तोंड करणाऱ्या तमाम मराठी बंधुभगिनींसाठी या काही अनुभवसिद्ध सूचना. अनुभव ताजा आहे, बॅगेतल्या कपड्यांचा कुबट वास अजून गेलेला नाही.

पहिली गोष्ट, निघण्याआधी तिकडच्या पावसाची चौकशी मुळीच करू नका. आपल्याकडून गेला म्हणजे तो देशातून गेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात केरळात ईशान्य मोसमी पाऊस असतो, तिथले लोक त्याला तुलावर्षम म्हणतात, सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर गडगडाट हा त्याचा शिरस्ता, हे सगळं भूगोलात होतं. पण भूगोल चाळीस मार्कांचा, कोण लक्षात ठेवतो? वेंबनाड तलावावर काळं आभाळ उतरलं की "दिवाळीत कसला आलाय पाऊस!" असं मोठ्याने म्हणा. ढगांना ऐकू जातं.

बोट काठाला लावून ड्रायव्हरने नारळाला दोर बांधला रे बांधला, की फोनवर कॅल्क्युलेटर काढा. भाडं भागिले तास. थांबलेल्या प्रत्येक मिनिटाला आपण किती रुपयांना बुडालो ते बायकोला सांगा, मग मुलांना सांगा, मग शेजारच्या खोलीतल्या अनोळखी कुटुंबालाही सांगा. ते कुटुंब आमचं होतं.

ब्लूटूथ स्पीकर विसरू नका, नाहीतर चुकून पाऊस ऐकू यायचा.

एसी रात्री नऊ ते सकाळी सहा चालेल असं बुकिंगच्या कागदावर छापलेलं असतं. कागद वाचायचा नाही, दुपारी चारला भांडायचं.

कुक बिचारा पिकल्या केळ्यांची गरम भजी आणि चहा घेऊन आला, तर "कांदाभजी नाही का?"

आता मुख्य मुद्दा : ड्रायव्हर. हा माणूस याच पाण्यावर लहानाचा मोठा झालेला असतो, त्यामुळे त्याला काही कळत नाही हे गृहीत धरा. त्याला हिंदी येत नसेल तर तीच हिंदी दुप्पट आवाजात बोला. आमच्या बोटीवरच्या काकांनी हा प्रयोग फार यशस्वी करून दाखवला. "हमारे कोकण में इससे डबल बारिश होता है, चलो, चलो!" काका राहायला पिंपरीत. ड्रायव्हरने तळ्याकडे बोट दाखवलं, आभाळाकडे दाखवलं, हाताने वारा कसा येतो ते करून दाखवलं. काकांनी पाकीट दाखवलं. मग एजंटला फोन, मग मालकाला फोन, मग "एक स्टार देईन, फोटोसकट." साडेपाचनंतर कोळ्यांची जाळी पडतात म्हणून हाउसबोटी चालवत नाहीत, हे समजल्यावर तर काकांना चेवच आला. म्हणजे हे तास परत मिळणारच नाहीत? मग आत्ताच्या आत्ता सोडा!

शेवटी मालकाचा फोन आला आणि ड्रायव्हरने दोर सोडला.

हाउसबोट मुळात भात वाहणारी नाव, केट्टुवळ्ळम. बूड चपटं, पाण्यात जेमतेम उतरलेलं आणि वर खोल्या, बैठक, चटयांचं उंच छप्पर. असल्या बोटीवर आडवा वारा आला की काय होणार, हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही (काका इंजिनियरच आहेत). कालव्याच्या तोंडाशी वारा भरला आणि बोट गर्रकन आडवी फिरून बांधाच्या दगडांवर घासली. टेबलावरचे कप खाली. माझी मुलगी ओल्या फळ्यांवरून घसरत कठड्यापाशी गेली, तिला कुकने दंडाला धरून ओढलं. तो पोरगा आणि ड्रायव्हर पुढच्या टोकाला उभे राहून बांबूने बोट दगडांपासून रेटत होते. ड्रायव्हरच्या तळहाताचं सालटं निघालं होतं. आणि लाइफ जॅकेटं? सोफ्याखालच्या खोक्यात, एकावर एक, नीट घडी घालून.

काका व्हिडिओ काढत होते. "थ्रिलिंग ना?"

नाही हो काका, थ्रिलिंग नाही. बास झाला उपरोध. ७ मे २०२३ ला याच केरळात, तानूरला, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट संध्याकाळी उलटली आणि २२ जण गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. ३० सप्टेंबर २००९ ला थेक्कडीच्या तलावात ४५. त्या बोटी वाऱ्याने उलटल्या नव्हत्या, मान्य. पण बोटीवरच्या माणसाला "नाही" म्हणता आलं पाहिजे, आणि ते म्हटल्यावर आपण गप्प बसलं पाहिजे, एवढं तरी कळायला अजून किती माणसं जायला हवीत? पैसे तुम्ही बोटीचे दिलेत, तळ्याचे नाही. त्याने दोर बांधला तर त्याला कारण असतं. त्याची नोकरी तुमच्या एका स्टारवर टांगलेली आहे हे माहीत असून तुम्ही तीच दोरी ओढता, याला पर्यटन म्हणत नाहीत, दांडगाई म्हणतात.

आणि तासाभराने पाऊस थांबलाच होता. तेवढा तास बसवत नव्हतं? पत्ते होते, चहा होता, भजी होती. समोर कुट्टनाडची समुद्रसपाटीखालची भातशेतं होती, बांधापलीकडे पाणी शेतापेक्षा उंच दिसतं, आयुष्यात एकदा बघावं असं. तुम्ही मात्र सगळा वेळ नेटवर्क शोधत होतात.

पुढच्या वेळी बोटीवर चढल्याबरोबर आधी मुलांना जॅकेटं घाला. मग ड्रायव्हर थांब म्हणाला की थांबा. तेवढं जमणार नसेल तर हॉटेलात खोली घ्या, तिथे एसीही दिवसभर चालतो. आणि काका, उतरताना त्या ड्रायव्हरला टिप न देता गेलात, ते आम्ही पाहिलंय.