टोइंगचा अधिकार नेमका कोणाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पोलीस अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय टोइंग व्हॅनवरच्या मुलांनी गाडी उचलणे कायद्याला धरून नाही, असे मी मागील लेखात म्हटले होते. त्यावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. नो पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्यांना मी कायद्याचा आडोसा मिळवून देतो, हा पहिला. आणि टोइंग व्हॅनवरची मुले पोलिसांच्याच कामाला लावलेली असल्याने गाडी त्यांनी उचलली काय किंवा हवालदाराने, फरक पडत नाही, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर एवढेच, की दंड होऊ नये असे मी कुठेही लिहिलेले नाही.

दुसरा आक्षेप मात्र मुळालाच हात घालणारा आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेली, अथवा कायद्याने पार्किंगला मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलण्याची किंवा तिला जॅमर लावण्याची परवानगी त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. (दहा तास होईपर्यंत हात लावता येत नाही, असा युक्तिवाद करणारे ‘अथवा’ सोयीस्करपणे गाळतात.) उचलण्याचे काम टोइंग सेवेने करावे हे कलमातच आहे, पण कोणती गाडी उचलायची हे ठरवणे कंत्राटदाराकडे दिलेले नाही. व्हॅनमध्ये पोलीस नसताना मुले भराभर दुचाकी चढवतात, तेव्हा त्यांच्यामागे या कलमाचे बळ नसते. नोव्हेंबर 2017 मध्ये मालाडला एक महिला तान्ह्या बाळासह आत बसलेली असताना मोटार ओढून नेण्यात आली, तेव्हा निलंबन झाले ते वाहतूक पोलिसाचे. अधिकार ज्याचा, जाबही त्यालाच विचारला गेला.

आता ‘कायद्याने मनाई’ या शब्दांकडे वळू. सोसायटीच्या फाटकावर ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ अशी पाटी असते. हवा सोडण्याचा अधिकार ना सोसायटीला आहे, ना पोलिसांना. मात्र पाटी नसली तरी कोणाच्या प्रवेशद्वारासमोर गाडी आडवी लावणे 2017 च्या वाहन चालवण्याविषयीच्या केंद्रीय विनियमांनुसार गैरच ठरते, आणि अशा गाडीवर पोलीस रीतसर कारवाई करू शकतात.

दंडाच्या रकमेबद्दलही आपण लिहिले आहे. वाहतुकीला अडथळा होईल अशी गाडी उभी केल्यास कलम 201 खाली 2019 च्या दुरुस्तीनंतर 500 रुपयांपर्यंत दंड आहे. टोइंगचा खर्च त्याहून वेगळा आणि तोही मालकाकडूनच वसूल होतो. त्याच वर्षी जुलैत मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांपासून 500 मीटरच्या आत बेकायदा लावलेल्या गाड्यांसाठी 5,000 रुपयांपासून पुढे दंड जाहीर केला, तेव्हा एवढी रक्कम कोणत्या कलमाच्या आधारे, हा प्रश्न मला रास्त वाटला होता आणि आजही वाटतो. आपल्याला ती रक्कम जरब बसवणारी वाटते. पण जरब बसते म्हणून अधिकार सिद्ध होत नाही.

‘मग गाडीमालकाने व्हॅनपुढे आडवे पडायचे का?’ असे आपण उपरोधाने विचारले आहे. मुळीच नाही, पोलिसाच्या कामात अडथळा आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. जागेवरचा अधिकारी कोण ते विचारावे, ई-चलानवरील कलम वाचावे, आणि आरोप मान्य नसेल तर तडजोड शुल्क (खटला न चालवता प्रकरण मिटवण्यासाठी भरायची रक्कम) भरू नये. कलम 200 खालची तडजोड ऐच्छिक आहे. ती न स्वीकारणाऱ्याचा निर्णय न्यायालय करते.