बैठकीला बोलावता, तर मागच्या बैठकीची वही घेऊन या

आमचं कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातलं लहान गाव, मंगळवारचा माझा अख्खा दिवस तिथल्या पालिकेच्या हॉलात गेला. लग्नाच्या ऑर्डरचे चार ब्लाउज मशीनवर तसेच पडून राहिले आणि दुपारी तीनला गल्लीत पाय ठेवला, तर दारासमोरचं युजीडीचं, म्हणजे जमिनीखालच्या गटाराचं, चेंबर सकाळी होतं तसंच वाहत होतं. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. चार दिवस झाले तरी राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

बैठक कसली, तर मूलभूत सुविधांवर विचारविनिमय. गल्लोगल्लीचे पंच, युवक मंडळांचे अध्यक्ष, महिला मंडळांच्या बायका, उपनगरांतल्या रहिवासी संघांची माणसं, सगळ्यांना बोलावणं होतं. नोटीस दोन दिवस आधी आली, तीही फक्त कन्नडात. आमच्या गल्लीच्या पंचकाकांचं वय बहात्तर, त्यांना कन्नड बोललेलं कळतं पण वाचता येत नाही. ते नोटीस घेऊन माझ्याकडे आले. मला अक्षरं लागतात, पण सरकारी शब्द लागत नाहीत. शेवटी माझी मुलगी शाळेतून आल्यावर तिनं वाचून दाखवली. ज्या गल्लीत शंभरातली नव्वद घरं मराठी बोलतात, तिथं नोटिशीच्या मागच्या कोऱ्या पानावर चार ओळी मराठीत छापायला किती शाई लागली असती?

वेळ सकाळी अकराची. कामाचा दिवस, अकरा वाजता! आमच्या गल्लीत कुणी मागावर आहे, कुणी बाजारात हातगाडी लावतो, बायका चार घरची भांडी करतात. गल्लीचं दुखणं ज्यांना सगळ्यात जास्त, तेच या वेळेला येऊ शकत नाहीत. पंचकाका आणि मी दहा चाळीसला जाऊन बसलो. पुढारी मंडळी आली पाऊण वाजता. दोन तास पाच मिनिटं पन्नासेक माणसं खुर्चीवर बसून होती. कुणी बाहेर येऊन 'उशीर होतोय, माफ करा' एवढंही म्हणालं नाही.

आल्यावर दीपप्रज्वलन, मग हार, मग शाली. बारा शाली घातल्या, मी मोजल्या. मग किती निधी आला आणि किती येणार यावर भाषणं. दीड वाजून गेल्यावर माईक खाली आला आणि सूचना झाली, वेळ कमी आहे, प्रत्येकानं दोन मिनिटांत बोलायचं.

आता माझ्या दोन मिनिटांत मला काय सांगायचं होतं ते ऐका. आमच्या दारासमोरचं चेंबर गणपतीच्या आधीपासून तुंबलंय. नळाच्या पाइपसाठी रस्ता खणला, तेव्हा ड्रेनेजच्या लाइनीला कुठंतरी धक्का बसला, असं आमच्याच गल्लीतल्या प्लंबरनं वाकून बघून सांगितलं. खणलेल्या जागी पेव्हर्स परत बसवलेच नाहीत, एका कडेला रचून ठेवलेत. ते पेव्हर्स आम्ही बायकांनी उचलून चेंबरच्या कडेनं एकेक पावलावर टाकलेत, त्यावरून पाय देत पलीकडं जायचं. शाळेची पोरं दप्तर पाठीवर घेऊन तशीच तोल सावरत जातात. कोपऱ्यावरच्या आज्जींना गुडघ्यामुळं एवढं पाऊल टाकता येत नाही, त्या पंधरा दिवसांत मारुतीच्या देवळात गेल्या नाहीत. परवा मला म्हणाल्या, "बाळ, घरात कोंडून घातल्यागत झालंय बघ. वासानं जेवण जाईना झालंय." रात्री पाऊस झाला की ते पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागतं. त्यांनी उंबऱ्यावर वाळूची दोन पोती ठेवलीत, वरून जुनी चादर दाबलीय. सकाळी उठून आधी ती चादर पिळायची, हे त्यांचं रोजचं काम.

दोन मिनिटांत यातलं किती सांगणार? मी चेंबर सांगितलं, पेव्हर्स सांगितले, आठ दिवसांनी येणारं पाणी सांगायला तोंड उघडलं आणि घंटी वाजली.

पाण्याचं तर इथंच लिहिते. आपला बेळगाव जिल्हा काही वाळवंट नाही. मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. घटप्रभा आहे, मार्कंडेय आहे, निपाणीकडं दूधगंगा, वेदगंगा आहेत. हिडकलच्या धरणाची क्षमता 51 टीएमसी आहे. जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात दिवस दिवस सूर्य दिसत नाही. आणि आमच्या नळाला पाणी आठव्या दिवशी, कधी दहाव्या, तेही रात्री दोन वाजता. व्हॉल्व्ह सोडणारा माणूस आमचाच, त्याच्यावर राग काढून उपयोग नाही, त्यालाही वरून फोन आल्यावरच कळतं. पण कुठल्या दिवशी, किती वाजता पाणी सोडणार याचा एक कागद गल्लीच्या कोपऱ्यावर चिकटवायला काय हरकत आहे? बायका अंदाजानं रात्री जागतात. मी स्वतः एका आठवड्यात तीन रात्री घागरी मांडून बसले आणि तिसऱ्या रात्री पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसून डोळा लागला, सुई बोटात गेली.

माझं बोलून झाल्यावर पालिकेचे साहेब म्हणाले, "नोडतीवी री, माडतीवी." बघतो, करतो. माझ्या आधी बोललेल्या नऊ जणांना हेच उत्तर मिळालं होतं आणि माझ्यानंतरच्यांनाही हेच मिळालं. कुणाच्या गल्लीत दिवे बंद, कुणाच्या उपनगरात कचऱ्याची गाडी आठवड्यातून एकदा, कुणाच्या नाल्यात म्हैस अडकली होती. उत्तर एकच. कधी करणार, कोण करणार, कुठल्या खात्याकडं जाणार, यातलं एक अक्षर नाही.

मग मी लेखी निवेदन पुढं केलं. गल्लीतल्या बेचाळीस घरांच्या सह्या, सोबत चेंबरचे फोटो. कारकुनानं वरची ओळ बघितली आणि परत दिलं, "कन्नडदल्ली बरेदु कोडी." कन्नडात लिहून द्या. मी म्हटलं, घेऊन पोच तर द्या, तो नुसती मान हलवत राहिला. घटनेच्या 350 व्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की गाऱ्हाणं मांडायला देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज करायचा हक्क प्रत्येकाला आहे. हे कलम काही आम्ही सीमाभागातल्यांनी मागून घेतलेलं नाही, सगळ्या देशाला आहे. ते टेबलापलीकडच्या माणसाला माहीत नसेल तर त्याच्या साहेबाला माहीत असायला हवं, आणि साहेब शेजारीच बसले होते.

पण माझा राग फक्त भाषेवर संपत नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एका उपनगरातल्या रहिवासी संघाचे अध्यक्ष होते, कन्नड बोलणारे गृहस्थ, बँकेतून निवृत्त. त्यांनी निवेदन स्वच्छ कन्नडात टाइप करून आणलं होतं. ते घेतलं गेलं. आणि त्यांनी हळूच मला पिशवीतून मागच्या दोन निवेदनांच्या प्रती दाखवल्या, तीच मागणी, तोच नाला, तेच शिक्के. शिक्का मिळाला, काम शून्य. आमचं निवेदन मराठीत म्हणून परत आलं, त्यांचं कन्नडात असून फाइलीत पडलं. गटाराला भाषा कळत नाही हो. त्यांच्या नातवाला डेंग्यू झाला, आमच्या गल्लीत दोघांना झाला. डास काय विचारून चावतात?

आणि आपल्या लोकांवरही मी चिडलेय. फलकावरचं अक्षर मोठं की छोटं यावरून मोर्चा निघतो, तेव्हा आम्ही बायका मुलांना घेऊन उन्हात चालतो. 1 नोव्हेंबरला आम्ही घराघरांतून बाहेर पडतो, कारण 1956 ला त्या दिवशी आम्हाला कन्नड राज्यात घातलं, तेव्हापासूनचं ते दुखणं आमच्या घरातलं आहे, माझ्या सासऱ्यांनी त्यासाठी लाठी खाल्लीय. ते मी कधी विसरणार नाही आणि सीमाप्रश्नावर मला कुणी शिकवायला नको. पण मंगळवारी आमच्या मतांवर निवडून आलेले नगरसेवक व्यासपीठावर बसले होते, शाल घेऊन. निवेदन परत आलं तेव्हा त्यांनी खाली मोबाइलमध्ये बघितलं. एकानंही 'घ्या की ते' म्हटलं नाही. मराठीसाठी माझ्या दारात मतं मागायला येता आणि माझा मराठी कागद तुमच्या डोळ्यासमोर परत येतो, तेव्हा गप्प बसता?

सगळ्यात जास्त संताप मला पुढच्या गोष्टीनं झाला. पंचकाका उठले. त्यांनी माईक नाही मागितला, तसेच बोलले. "साहेब, मागच्या पावसाळ्याआधी अशीच बैठक झाली होती. त्यात आमच्या गल्लीच्या गटाराचं ठरलं होतं. त्याचं काय झालं, तेवढं वाचून दाखवा." हॉल शांत झाला. साहेबांनी कारकुनाकडं बघितलं, कारकुनानं दुसऱ्या कारकुनाकडं. मागच्या बैठकीचं काही लिहिलेलं नव्हतं. ते साहेब बदलून गेले, मी आत्ता आलोय, असं उत्तर आलं. म्हणजे मागच्या वेळी चाळीस माणसांनी जे सांगितलं ते त्या साहेबांबरोबर बदलून गेलं! काका तसेच उभे राहिले. दोन मिनिटं कुणी त्यांना बसा म्हटलं नाही, उत्तरही दिलं नाही. मग ते स्वतःच बसले. त्यांचा हात थरथरत होता, मी पाण्याची बाटली दिली.

इतिवृत्त लिहून ठेवणं एवढं अवघड आहे का? याच पालिकेत जन्मदाखल्याला अर्ज केला की 'सकाल'चा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम करून द्यायच्या सरकारी योजनेचा, नंबर मिळतो. 2011 चा कायदा आहे, ठरलेल्या दिवसांत काम झालं नाही तर दिवसाला 20 रुपये भरपाईची तरतूद आहे. म्हणजे तारीख लिहून द्यायची सवय यांना आहे. घरपट्टीचं बघा. एप्रिलमध्ये भरली तर 5 टक्के सूट, उशीर केला तर महिन्याला 2 टक्के दंड. त्यात आरोग्याचा उपकर, ग्रंथालयाचा उपकर, कचऱ्याचा वेगळा. आमच्या प्रत्येक रुपयाला तारीख आहे, उशिराला दंड आहे. त्यांच्या चेंबरला तारीख नाही, त्यांच्या उशिराला काही नाही. मी घरपट्टी दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरते. शिलाईच्या पैशातून भरते. पावत्या डब्यात आहेत, कुणीही येऊन बघावं.

तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असं घटनेचं 243 एस कलम सांगतं. बेळगाव शहराची वस्ती 2011 च्या जनगणनेतच पावणेपाच लाखांच्या वर होती. आमच्यासारख्या लहान गावाला ती सक्ती नाही. आमच्याकडं ही वर्षातून एकदोनदा होणारी बैठकच काय ते एक दार आहे. म्हणून मी शिलाई टाकून गेले. म्हणून काका गेले. त्या दाराच्या आत वहीसुद्धा नसेल तर आम्हाला बोलावलं कशाला? खुर्च्या भरायला? फोटोत मागची रांग दिसायला? दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली ओळ, समस्या जाणून घेतल्या, तातडीने सोडवण्याचे आश्वासन. त्या फोटोत काका आहेत, मान खाली घातलेले. त्यांच्या सुनेनं तो पेपर त्यांना दाखवलाच नाही.

मी बुधवारी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर मंगळवारची तारीख घातली आणि काकांना समोर बसवून, कोण काय बोललं, कुठल्या गल्लीचं काय, साहेबांनी काय उत्तर दिलं, आठवेल तेवढं सगळं लिहिलं. बँकेतल्या त्या गृहस्थांना फोन केला, त्यांनी त्यांच्या बाजूचं सांगितलं, आणि म्हणाले, मराठीतलं मला पाठवा, समोरच्या पानावर मी कन्नडात उतरवून देतो. काल संध्याकाळी सहा गल्ल्यांचे लोक देवळात जमले, त्यांच्या सह्या घेतल्या. आमचं बेचाळीस घरांचं निवेदन पाचव्या पानावर चिकटवलंय. सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी आम्ही अकराजण वही घेऊन जाणार आहोत, काकाही येणार आहेत. चेंबरचं काम कोण करणार आणि कुठल्या तारखेला, एवढं त्या वहीत साहेबांच्या हातानं लिहून आणि सही होऊन मिळेपर्यंत आम्ही तिथून हलणार नाही.