लोकलचं भाडं वाढलं नाही ही मेहेरबानी? जरा जून 2014 आठवा

26 डिसेंबर 2025 पासून लांबच्या गाड्यांचं भाडं वाढलं, लोकल आणि पास वगळले, आणि लगेच मेसेज फिरायला लागला: "2014 पासून लोकलचं भाडं एक रुपयाने वाढवलं नाही, एसीचं निम्मं केलं, तरी फुकट्या मुंबईकरांची रड चालूच."

वाढवलं नाही कसं? 20 जून 2014 ला वाढ जाहीर झालीच होती. महिन्याचा पास 15 फेऱ्यांच्या तिकिटावर काढला जायचा, तो 30 फेऱ्यांवर नेणार होते, वर 14.2 टक्के, म्हणजे पास सरळ दुपटीच्या पुढे. लोकं भडकली, महाराष्ट्रातले सत्ताधारी खासदारच रेल्वेमंत्री सदानंद गौडांकडे धावले, आणि 25 तारखेपासून लागू व्हायचं ते 24 ला मागे घेतलं. ऑक्टोबरमध्ये विधानसभा होती हे पण लक्षात घ्या. सेकंड क्लासला 80 किलोमीटरपर्यंत सूट मिळाली ती अशी, आपण ओरडलो म्हणून. आणि फर्स्ट क्लासच्या पासवर 14.2 टक्के लागलेच, तेव्हा "एक रुपया" वगैरे साफ खोटं आहे.

एसीचं निम्मं केलं ते 5 मे 2022 ला, पण फक्त सिंगल तिकीट! पास होता तिथेच ठेवला. आता रोज बदलापूर किंवा विरारहून येणारा माणूस सिंगल तिकीट काढतो का हो? तो पासच काढतो, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच सूट नाही. आणि साध्या गाडीच्या वेळेवर एसी लावली की हा सेकंड क्लासवाला फलाटावर उभा राहून पुढच्या गाडीत दुप्पट गर्दीत चढतो, त्याच्यासाठी ती भाडेवाढच झाली ना.

फुकट्या म्हणणं तर फारच लागतं. लोकल तोट्यात चालते, मान्य. पण आपल्या तिकिटात आणि पासात एमयूटीपीचा, म्हणजे मुंबईची लोकल सुधारायच्या प्रकल्पांचा, अधिभार असतो, आणि त्या प्रकल्पांचा निम्मा वाटा राज्य उचलतं, तोही आपल्याच करातून.

9 जून 2025 ला मुंब्र्याला दारात लटकणारी माणसं पडून जिवानिशी गेली, त्यानंतर रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं लावू म्हणून सांगितलं, मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात भाडं न वाढवता एसी डबे देऊ म्हटलं. चांगलं आहे, मनापासून हवंय. फक्त त्या डब्यात सेकंड क्लासचा पास चालणार, एवढं लेखी द्या.