‘गाडी घेतली की आधी लेदर टाका’ म्हणणाऱ्यांना

दसरा-पाडवा जवळ आला की नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एक सल्ला मोबाइलवर फिरू लागतो. कापडी सीट म्हणजे कंपनीची कंजुषी, त्यामुळे शोरूममधून निघालात की थेट ॲक्सेसरीवाल्याकडे जाऊन ‘लेदर’ टाकून घ्या. लेदर उन्हात थंड राहतं, चहा सांडो की पोरगं ओको, फडक्याने पुसलं की झालं. दहा वर्षं बघावं लागत नाही, विकताना किंमत जास्त येते आणि गाडी प्रीमियम दिसते. यातला पुसण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचं सगळं दुकानदाराच्या सोयीचं आहे.

मुळात ते लेदर नसतंच. गाईचं एक कातडं साधारण ४५-५० चौरस फूट भरतं. त्यातला डागांचा, ओरखड्यांचा भाग बाद होतो, आणि पाच सीटच्या गाडीला अशी तीन-चार कातडी सहज लागतात. कमावणी, रंग, कटाई, शिलाई धरून हा हिशेब दुकानदार मागतो त्या आठ-दहा हजारांत बसवून दाखवा. तेवढ्यात मिळतं ते पीव्हीसी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या प्लॅस्टिकचा थर चढवलेलं कापड, म्हणजे लेदरेट. आपलं रेक्झिनच, जरा सुधारलेलं. खात्री करायची तर हेडरेस्टच्या कव्हरची चेन उघडून कापाची कड उलटी करून बघा. आत विणलेलं कापड दिसलं तर लेदरेट. खरं कातडं आतून लवदार असतं, नखाने तंतू सुटतात. लेदरेटमध्ये कमीपणा काहीच नाही. मर्सिडीजचं ‘आर्टिको’ आणि टोयोटाचं ‘सॉफ्टेक्स’ हीसुद्धा कृत्रिमच आहेत आणि छान टिकतात. पण रेक्झिन विकायचं आणि नाव लेदरचं घ्यायचं, याला काय म्हणावं?

आता थंड राहण्याचं. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला दुपारी दोन तास उन्हात उभी केलेली गाडी उघडा आणि काळ्या लेदरेटवर हाफ पँट घालून बसून दाखवा. तापतं कापडही, पण त्याच्या धाग्यांत हवा असते. अंगाला टेकणारा भाग कमी, म्हणून चटका कमी बसतो. शिवाय लेदरेट घाम शोषत नाही. पुण्याहून कोल्हापूरला पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. यावर ‘व्हेंटिलेटेड सीट’ हा उपाय आहे. क्रेटा, सेल्टॉस, नेक्सॉनच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये तो मिळतो. पण तिथे कंपनीच लेदरेटला बारीक भोकं पाडून खालून पंखा देते. त्यावर बाहेरचं कव्हर चढवलं की पंख्याची हवा आतल्या आत, आणि त्या व्हेरिएंटसाठी मोजलेले जादाचे पैसेही तिथेच.

पुसण्याचा मुद्दा. कंपनीने मढवलेल्या लेदरेटवर सांडलेला चहा पुसला जातो, कापडावर डाग राहतो, हे मान्य. लहान मुलं, कुत्रा किंवा रोजचं भाडं असेल तर लेदरेटच सोयीचं. पण मेसेज ज्याबद्दल बोलतो ते आहे कापडी सीटवर वरून चढवलेलं कव्हर. पाणी शिलाईच्या भोकांतून खाली जातं आणि दोन थरांमध्ये अडकतं, वर येऊन सुकायला वाट नसते. रत्नागिरीत किंवा मुंबईत एक पावसाळा काढलेल्या गाडीचं असं कव्हर गणपतीनंतर उतरवून बघा. बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेत हिरवट-करड्या बुरशीचा पट्टा, मऊ पडलेले बिस्किटाचे तुकडे आणि तो कुबट वास, जो घालवायला लोक डॅशबोर्डवर परफ्यूमच्या बाटल्या ठेवतात. नुसती कापडी सीट भिजली असती तर दारं उघडी टाकून, पंखा लावून दोन दिवसांत सुकली असती.

दहा वर्षांचा दावा तर दमट हवेतच गळून पडतो. स्वस्त पीयूला ओलावा मारक असतो. थर सुटून पापुद्रे निघायला लागतात. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने हळूहळू उडतं आणि ते कडक होऊन तडकतं. सगळ्यात आधी जातो तो ड्रायव्हर सीटचा दाराकडचा उंचवटा, कारण चढता-उतरताना रोज तिथेच घासलं जातं. कापडही तिथेच विरतं, पण पापुद्र्यांसारखं डोळ्यांत खुपत नाही. महागड्या गाड्यांतल्या खऱ्या लेदरला ‘तेल पाजा’ म्हणतात, तेही बहुतेक वेळा वायाच. त्या कातड्यावर रंगाचा आणि वर पॉलियुरेथेनचा थर असतो, तेल आत जाणार कुठून? ओल्या फडक्याने धूळ आणि घाम पुसत राहणं जास्त कामाचं.

प्रीमियमचं म्हणाल तर टोयोटाची सेंच्युरी सेडान बघा. जपानमध्ये बड्या उद्योगपतींची आणि मंत्र्यांची ही गाडी, आणि तिच्यात लोकरीच्या कापडाच्या सीट येतात. लेदर करकरतं, कापड आवाज करत नाही, हा तिथला विचार. जुन्या रोल्स रॉइसमध्येही लेदर असायचं शोफरच्या सीटला, कारण ती उघड्यावर असायची, ऊन-पाऊस खायची. मागे मालकासाठी मऊ कापड. आपल्याकडच्या सरकारी गाडीत साहेबांच्या पाठीशी पांढरा टर्किश टॉवेल असतो, तो काय उगाच?

आणि ज्याचा त्या मेसेजमध्ये उल्लेखही नसतो, ती गोष्ट. आता बऱ्याच गाड्यांत सहा एअरबॅग येतात. त्यांतल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला, शिवून ठेवलेल्या असतात. बाजूने धडक बसली तर दार आणि बरगड्यांमध्ये जागा वीतभरच, म्हणून ही बॅग डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी फुगावी लागते. त्यासाठी सीटची ती शिवण ठरल्या जागी उसवेल अशीच केलेली असते. वर घट्ट कव्हर असेल तर बॅग उशिरा फुगू शकते किंवा भलतीकडे वळू शकते. म्हणूनच अशा गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पुढच्या सीटना कव्हर घालण्याबद्दल इशारा असतो. दुकानदार ‘एअरबॅग कॉम्पॅटिबल’ म्हणतो, म्हणजे त्या बाजूला कच्चा दोरा वापरलाय असं त्याचं म्हणणं. तो कच्चा किती, टाका कुठे आणि त्याची चाचणी कुणी केली, याचं उत्तर दुकानात मिळत नाही. मागच्या सीटवरही अशी कव्हरं लहान मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक झाकून टाकतात.

राहिला रीसेल. जुनी गाडी घेणारा किलोमीटर, सर्व्हिस रेकॉर्ड, कितवा मालक आणि ठोकलेली आहे का, हे बघतो. कव्हर दिसलं तर जाणता माणूस ते उचलून खाली काय लपवलंय तेच आधी पाहतो. वरच्या व्हेरिएंटला दोन पैसे जास्त येतात ते व्हेरिएंटचे, दुकानातल्या रेक्झिनचे नव्हेत.

लेदरेट हवंच असेल तर ज्या व्हेरिएंटमध्ये कंपनी ते देते तो घ्या. परवडत नसेल तर कापड ठेवा आणि वर्षातून एकदा शाम्पू करून घ्या. कव्हर आधीच टाकलं असेल तर पुढच्या सीटच्या पाठीला, दाराच्या बाजूला ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी आहे का ते कव्हर वर करून बघा. असेल, तर ती दोन कव्हरं काढा. मागची राहिली तरी चालतील, फक्त हुकांपाशी त्यांना फट ठेवून घ्या.